चाकरमानी येतात त्या आठवड्याचं नेट

मागच्या गणपतीतली दुसरी रात्र. आरत्या झाल्या, पानं उठली, ओटीवरचा पत्त्यांचा डावही मोडला. मागचं दार लावायला गेलो तर पुतण्या विहिरीच्या कठड्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. त्याच्या ऑफिसचं घड्याळ न्यूयॉर्कचं. तिथले दुपारचे दोन म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा.

"अरे, जनावर असतं तिकडे रात्रीचं," मी म्हटलं.

"काका, घरात एक दांडी येते, इथे तीन येतात," तो कुजबुजला, आणि लगेच पलीकडच्या साहेबाला आवाज पोचतोय का ते इंग्रजीत विचारू लागला.

आवाज पोचत नव्हता. दांड्या दिसल्या की आपल्याला वाटतं नेट आहे. पण टॉवर आपल्याला किती स्वच्छ ऐकू येतोय एवढंच दांड्या सांगतात. टॉवरला आपल्याकडे बघायला वेळ आहे का, ते त्या सांगत नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी मी घराच्या छपरावर हवेतून नेट घेणारा डबा बसवून घेतला होता. "वायरची कटकट नाही, दोन तासांत चालू," असं बसवणारा म्हणाला, आणि अकरा महिने त्याचा शब्द खरा ठरला. आम्ही दोघंच घरात. एक टीव्ही, दोन फोन. साठ-सत्तर एमबीपीएसचा वेग सहज मिळायचा. हरितालिकेच्या दिवसापासून तो सहा-सातवर आला आणि अनंत चतुर्दशी उलटल्यावर कुणी हात न लावता परत चढला. तक्रार केली तोपर्यंत दुखणं बरं झालेलं. तपासायला आलेल्या माणसानं मला साठचा आकडा दाखवला आणि चहा पिऊन गेला.

दोष डब्यात नव्हताच. एका टॉवरकडे ठरावीक लहरी असतात आणि त्यातून जेवढं नेट वाहू शकतं तेवढं त्या क्षणी जोडलेल्या सगळ्यांत वाटलं जातं. आमच्या वाडीत एरवी अर्ध्या घरांना कुलूप. गणपतीत त्याच घरांत दहा-दहा, बारा-बारा माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. रेल्वे गणपतीला जादा गाड्या सोडते, एसटीही सोडते. टॉवर होता तेवढाच राहतो. पाहुण्यांसाठी कुठलं नेट घ्यावं हे ठरवताना मला हाच मुद्दा सगळ्यांत मोठा वाटतो, आणि विकायला येणारा कुणी तो काढत नाही: तुमच्याकडे पाहुणे असतात त्या दिवशी शेजाऱ्याकडेही असतात. गणपती, शिमगा, मे महिना, गावची जत्रा. हवेतून येणारं नेट नेमकं त्याच दिवसांत आखडतं.

"वायरचं घेऊ की वायरलेस" हा प्रश्न लोक एका दमात विचारतात, पण त्यात दोन प्रश्न आहेत. नेट घरापर्यंत कसं यायचं हा एक. दारातून पाहुण्याच्या हातापर्यंत कसं जायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वायर आणि दुसऱ्याचं वायफाय, असं बहुतेक घरांत निघतं. पण आधी पहिला प्रश्न नीट सोडवू.

घरापर्यंत येणारी वायर म्हणजे आता फायबर, काचेचा धागा. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजपासून लांब गेलं की वेग गळायचा. फायबरला वाडीपर्यंतच्या अंतरानं काही होत नाही. फायबरही वाटूनच येतं, हे मान्य. केबलवाल्याच्या यंत्रातून निघालेला एक धागा साधारण ३२ किंवा ६४ घरांत फाटतो. पण आपल्याकडे सर्रास असलेल्या जीपॉन पद्धतीत त्या एका धाग्याची उतरती क्षमता सुमारे अडीच जीबीपीएस आणि चढती सव्वा जीबीपीएस असते. शिवाय वाटेकरी ठरलेली घरं असतात. मुंबईहून गाड्या भरून आल्या म्हणून धाग्यावर नवी घरं जोडली जात नाहीत. आणखी एक: फायबरच्या बऱ्याच योजनांत चढता वेग उतरत्याइतकाच मिळतो. पुतण्याच्या व्हिडिओ कॉलला तोच हवा असतो, आणि हवेतल्या नेटवर तोच आधी गळपटतो.

वायरचं दुखणं वेगळं. आमच्याकडे ती विजेच्या खांबावरून माडावर, माडावरून फणसावर अशी येते. आषाढात फांदी पडते, महामार्गाचं काम निघालं की जेसीबीचा पंजा पडतो, आणि राउटरजवळच्या डब्यावर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लागतो. तो लाल दिवा म्हणजे धागा कुठेतरी तुटला. डबा बंद-चालू करून काही होत नाही, फोनच करावा लागतो. म्हणून फायबर घेताना योजनेच्या किमतीआधी विचारा: तुटलं तर जोडायला कोण येणार, तो किती लांब राहतो, धागा जोडायचं यंत्र त्याच्या स्वतःकडे आहे की तालुक्याहून मागवायचं? मोठ्या कंपनीचं नाव पाटीवर असलं तरी गावात जोडणारा बहुधा स्थानिक केबलवालाच असतो. आणि केबलवाल्याच्या घरीही गणपती असतो. चतुर्थीच्या सकाळी तो तुमच्या माडावर चढणार नाही, चढूही नये.

हवेतलं नेट कुणी घ्यावं तर ज्यांचं घर वर्षभर बंद असतं त्यांनी. दहा दिवसांसाठी बारा महिन्यांचं भाडं भरण्यात अर्थ नाही, आणि बंद घराच्या वायरीकडे कुणाचं लक्षही नसतं. वाडीत फायबर पोचलंच नसेल तरी दुसरा मार्ग नाही. पुण्या-मुंबईसह आठ शहरांत जिओचं एअरफायबर आलं ते १९ सप्टेंबर २०२३ला, आणि त्या दिवशी गणेश चतुर्थीच होती. एअरटेलनं सुमारे दीड महिना आधी मुंबई-दिल्लीत तसंच नेट सुरू केलं होतं. त्यानंतर ते बऱ्याच गावांत पसरलं. डबा बसवण्याआधी टॉवरच्या दिशेला काय आहे ते बघा. मधे आंब्याची-सागाची दाट झाडी असेल तर पावसाळ्यातली ओली पानं सिग्नल खातात. मे महिन्यात बसवलेला डबा श्रावणात मंद होतो तो यामुळेही.

दोन्हींत निवडायची सोय असेल तर चाचणी योग्य वेळी करा. मंगळवारी दुपारी तीनला सगळ्यांचंच नेट धावतं. ज्याच्याकडे ते कनेक्शन आधीपासून आहे अशा शेजाऱ्याकडे मे महिन्यात किंवा सणात रात्री साडेआठ-नऊला जाऊन बसा, स्पीड टेस्ट लावा आणि उतरत्याबरोबर चढता आकडाही टिपा. 'अमर्याद' या शब्दामागचा बारीक मजकूरही वाचा. फायबरच्या अनेक योजनांत महिन्याला ३३०० जीबीनंतर वेग कापतात, हवेतल्या योजनांत तीच रेघ साधारण १००० जीबीवर असते.

मी आता फायबरवर आलो आहे आणि फोनचा हॉटस्पॉट आडवेळेला ठेवला आहे. अर्ज मात्र श्रावण लागण्याआधीच करा. सगळ्या गावाला श्रावणातच जाग येते.

वेग किती घ्यायचा? इथे लोक उगाच पैसे घालवतात. साधा एचडी सिनेमा सुमारे ५ एमबीपीएस खातो, फोर-के १५. चांगल्या व्हिडिओ कॉलला जाताना-येताना तीन-चार पुरतात. आमच्याकडे बारा माणसं असताना दोन टीव्ही-सिनेमे, दोन कॉल आणि बाकीचे रील बघत बसलेले, असं सगळं धरलं तरी साठच्या वर बेरीज जात नाही. १०० ची योजना पुरते. तरी मागच्या खोलीत नेट चालत नसेल तर ३०० ची घेऊन काही होणार नाही. अडचण भिंतीत आहे.

म्हणजे दुसरा प्रश्न. फायबर आलं त्या संध्याकाळी मी फोन घेऊन घरभर फिरलो. राउटर केबलवाल्यानं त्याच्या सोयीनं ओटीवर, खिडकीशी लावला होता. ओटीवर ९४. माजघरात ३८. स्वयंपाकघरात ११. मागच्या पडवीत, जिथे पाहुण्यांची गादी पडते, २. आमच्या भिंती दीड फुटी, जांभ्या चिऱ्याच्या. एक भिंत ओलांडताना वायफायचा निम्म्याहून जास्त जीव जातो, आणि मधे आजीचं लोखंडी कपाट. लोखंड, आरसा, पाण्याची टाकी यांतून लहरी जवळजवळ जातच नाहीत.

वायफायच्या दोन पट्ट्या असतात हे माहीत असेल. २.४ गिगाहर्ट्झची भिंती भेदून लांब जाते पण हळू. ५ ची वेगवान पण एका भिंतीतच दमते. राउटर दोन्ही देतो. ओटीवरच्यांनी पाचवर आणि लांबच्यांनी २.४वर राहावं हे बरं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वायफायच्या एका पट्टीवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, ग्रामसभेत अपेक्षित असतं तसं. मागच्या पडवीतला कोणी क्षीण सिग्नलवर रील बघत असेल तर त्याचा एकेक शब्द हळू येतो, आणि तो संपेपर्यंत ओटीवरच्या चांगल्या फोनलाही थांबावं लागतं. एका कोपऱ्यातलं वाईट वायफाय सगळ्या घराचं वायफाय बिघडवतं. पाहुण्यांना कोपरेच मिळतात, म्हणून पाहुणे आले की घर मंद होतं.

उपाय म्हणून बाजारात भिंतीच्या प्लगात खोचायचे एक्स्टेंडर मिळतात. मी दोन विकत घेऊन फेकले आहेत. स्वस्त एक्स्टेंडर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर बोलतो, त्यामुळे अर्धा वेग तिथेच जातो. आणि तो मागच्या पडवीत लावला तर जे २ तिथे पोचतात त्यांचंच तो एक करून वाटतो. लावायचाच असेल तर निम्म्या वाटेवर, जिथे अजून सिग्नल धड आहे तिथे लावा.

खरा उपाय म्हणजे घरातल्या घरात एक तार टाकणं. ओटीच्या राउटरपासून माळ्यावरून मागच्या पडवीपर्यंत लॅन केबल, आणि तिच्या टोकाला दुसरा, जुना पडून असलेला राउटर. केबल 'कॅट-सिक्स' मागा. 'कॅट-फाइव्ह-ई'ही चालते, दोन्हींवर १०० मीटरपर्यंत एक जीबीपीएस जातं, आणि एवढं लांब घर कुणाचं नसतं. दुकानात 'शुद्ध तांबं' असं विचारून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल अर्ध्या किमतीत मिळते, वाकवली की मोडते. माळ्यावर उंदीर असतातच, म्हणून ती उघडी न टाकता पीव्हीसीच्या नळीतून न्या.

टोकाला बसतो तो पारदर्शक प्लग, आरजे-४५. केबलवाला आमच्याकडे तो बसवत होता तेव्हा मी बॅटरी धरून उभा होतो. केबलीची साल इंचभर काढली की आत पिळलेल्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा निघतात. त्या उलगडून, बोटांनी सरळ करून एका ओळीत धरायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग टोकं एका रेषेत कापायची, प्लग उलटा म्हणजे खिट्टी खाली ठेवून आत सरकवायचा, आठही टोकं प्लगच्या नाकाला टेकलीत ना ते उजेडात धरून बघायचं, आणि मग पकडीनं दाबायचं. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी येते, तिथेच नवखा चुकतो. दुसऱ्या टोकाला तोच क्रम. शंभरच्या वेगाला नारिंगी आणि हिरवी जोडी पुरते, त्यामुळे बाकीच्या चार तारांतली एखादी बसली नसेल तरी दिवा लागतो, नेट चालतं, आणि कुणाला कळत नाही. मोठी योजना असूनही स्पीड टेस्ट नेहमी ९४-९५वरच अडत असेल तर एक तर प्लग धड बसलेला नाही किंवा राउटरचं भोकच शंभरचं आहे.

जुना राउटर मागे लावताना तीन गोष्टी: केबल त्याच्या 'वॅन'च्या भोकात न घालता 'लॅन'च्या भोकात घाला, त्याच्या सेटिंगमधलं 'डीएचसीपी' बंद करा, आणि त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा. हे न करता जोडला तर घरात पत्ते वाटणारे दोन पोस्टमन होतात आणि सगळ्यांचीच पत्रं गहाळ होतात. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवलेत की फोन चालता-चालता इकडून तिकडे उडी मारतो. हे जमत नसेल तर 'मेश'ची जोडी घ्या. महाग पडते, पण स्वतःचं स्वतः बघते. तिलाही मधे केबल दिली तर ती दुप्पट गुणाची.

शहरातल्या फ्लॅटवाल्यांना एवढा खटाटोप नको. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एक राउटर मध्यावर, कपाटावर, उघड्यावर ठेवला की झालं. टीव्हीमागे कोंबू नका. तिथलं दुखणं शेजाऱ्यांच्या वायफायच्या गर्दीचं, २.४ वर १, ६ किंवा ११ यांतला मोकळा चॅनल निवडा, आणि जमेल ते सगळं ५ वर ढकला.

आता काम घेऊन आलेला पाहुणा. ही जात वाढली आहे. त्याच्यासाठी वायफायवर विसंबू नका, टेबलाशी केबल द्या. कॉलला वेग फार लागत नाही, सलगपणा लागतो, आणि तो तारेतच असतो. आम्ही मागच्या पडवीत राउटरमधून निघालेली दोन मीटरची केबल टेबलाच्या पायाला बांधून ठेवली आहे. नव्या लॅपटॉपांना लॅनचं भोक नसतं, म्हणून टाइप-सीचा छोटा जोड खणात ठेवा. पुतण्या या वर्षी आला तेव्हा त्यानं तो जोड बघून, "काका, तू तर ऑफिस काढलंस," म्हटलं. विहिरीवर कुणी गेलं नाही.

बाकीच्यांना वायफायच. पण घरचं वायफाय द्यायचं नाही. जवळजवळ प्रत्येक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय असते. ती चालू केली की दुसऱ्या नावाचं वायफाय दिसतं. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण तुमचा कॅमेरा, प्रिंटर, संगणक दिसत नाही. पाहुण्यांवर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. त्यांच्या पोरांच्या फोनमध्ये कुठकुठले खेळ उतरवलेले असतात ते त्यांनाही माहीत नसतं. घरच्या वायफायचा पासवर्ड एकदा दिला की बदलताना टीव्ही, कॅमेरे, मोटरचा स्विच सगळं पुन्हा जोडावं लागतं. गेस्टचा बदलायला अर्धा मिनिट. (दुसऱ्या जुन्या राउटरवर गेस्ट चालू केलं तरी ते खरोखर वेगळं राहीलच असं नाही. मेशच्या जोडीत सहसा राहतं.) एकच गैरसोय: गेस्टवरून टीव्हीवर फोनचं चित्र टाकता येत नाही. आरतीचे फोटो सगळ्यांना मोठ्या पडद्यावर बघायचे असतात, तेव्हा तेवढ्या दिवसांपुरता टीव्हीच गेस्टवर न्या, आणि तरी दिसला नाही तर राउटरमधलं 'आयसोलेशन' काढा.

पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो. म्हाताऱ्या आत्यांना टाइप करता येईल असा ठेवा. सगळी छोटी अक्षरं, घरातला एखादा शब्द आणि चार आकडे. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये 'शेअर' दाबलं की क्यूआर येतो. त्याचा फोटो काढून छापून ओटीवर टांगा. देवाला नमस्कार झाला की लोक तिकडेच वळतात.

वायफाय उघडं, बिनपासवर्डचं मात्र कधी सोडू नका, गावात कोण येतंय म्हणूनसुद्धा नाही. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेली होती. तिचा माग काढत तपासयंत्रणा नवी मुंबईत, सानपाड्याला एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर पोचल्या. ईमेल त्याच्या वायफायवरून गेली होती. त्याचा स्फोटांशी संबंध नव्हता, पण ते सिद्ध होईपर्यंतची चौकशी त्याला भोगावी लागली. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून तशाच ईमेल गेल्या. कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याच दारात पोलीस आधी येतात. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी तर प्रत्येक पाहुण्यागणिक गेस्टचा पासवर्ड बदलावा आणि कोण कधी राहिलं ते वहीत असावं. शेजाऱ्याला भिंतीपलीकडून केबल देण्याचा मोठेपणाही याच कारणानं टाळावा.

एक छुपा खादाड सांगायचा राहिला. पाहुण्याचा फोन वायफायला लागला की त्याला वाटतं, आता फुकट आहे. दिवसभर काढलेले फोटो-व्हिडिओ तो ढगात चढवायला घेतो, आणि थांबलेली अपडेट उतरवायला. असे दहा फोन एकदम. उतरता वेग भरपूर असूनही चढती वाट तुंबते आणि कॉल तुटायला लागतात. सगळे राउटरला शिव्या देतात. राउटरमध्ये गेस्टला वेगाची मर्यादा घालता येत असेल तर घाला. नसेल तर अँड्रॉइडमध्ये त्या वायफायला 'मीटर्ड' म्हणायचं, आयफोनमध्ये 'लो डेटा मोड'. हे स्वतः पाहुण्यांच्या फोनमध्ये करून देणारा एखादा भाचा नेमा. मी सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

वीज. राउटर आणि फायबरचा डबा बहुधा १२ व्होल्टवर चालतात. अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, तेवढं देणारा छोटा यूपीएस घेतलात की दोन-तीन तास निघतात. केबलवाल्याच्या यंत्रापासून तुमच्या घरापर्यंत धागा फाटतो त्या मधल्या डब्यांना वीजच लागत नाही. तेव्हा त्याच्याकडे बॅटरी असेल आणि तुमच्याकडे यूपीएस, तर अख्खी वाडी अंधारात असताना नेट चालू राहतं.

आणि आकाशातली वीज, जी कोकणात पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात घराघरातली यंत्रं जाळते. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून फायबरनं राउटर जळायची भीती कमी. पण आधाराला असलेली पोलादी तार घरात आणू देऊ नका, ती बाहेरच कापायला सांगा. छपरावरच्या हवाई डब्यातून मात्र तांब्याची केबल थेट घरात येते. गडगडायला लागलं की ती राउटरमधून आणि डब्याचा प्लग भिंतीतून काढा. खळ्यापलीकडच्या मांगरात पाहुणे झोपत असतील तर तिथे तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेऊ नका. एक फायबरचा तुकडा टाका किंवा समोरासमोरचे दोन वायरलेस डबे लावा.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, घर झाडून झालं की राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या यंत्रांची यादी बघायची आणि गेस्टचा पासवर्ड बदलायचा. या वर्षी सगळे गेले तरी यादीत एक अनोळखी नाव जिवंत होतं. आम्ही आधी घाबरलो. मग मागच्या पडवीतल्या राउटरवर तेच एक जोडलेलं दिसलं, म्हणून तिथे शोधाशोध केली, तर गादीच्या घडीत वहिनींचा टॅब निघाला, चार टक्के चार्जिंगवर, अजूनही फोटो चढवत असलेला. तो एसटीनं डोंबिवलीला पाठवला.